भिंग्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या

(डोळे तपासायच्या तक्त्यावर असतं तसं: वरून सुरुवात करायची, आणि ओळी बारीक होत जातील.)

सर्वांत वरची ओळ

आपल्याच चष्म्याच्या दुकानातल्या आरशासमोर भिंग्या चष्मा काढून उभा होता, आणि चष्मा काढल्यामुळे त्याला आरशात भिंग्या दिसत नव्हता. दिसत होता तो एक मऊ, गुळगुळीत, वयच नसलेला माणूस. हा माणूस त्याला फार आवडला. पण चष्मा चढवला की तो पळून जायचा आणि त्याच्या जागी डोळ्यांखाली दोन पिशव्या लटकवलेला एक दुकानदार येऊन उभा राहायचा. दोष काचांचा. लहानपणापासून त्याच्या नाकावर भिंगासारख्या जाड काचा होत्या, नावही त्यावरूनच पडलेलं. अशा काचा घालणाऱ्याला जग मोठं दिसतं, आणि जगाला त्याच्या पिशव्या मोठ्या दिसतात.

"काय बघतोयस एवढं?" काउंटरवर काड्यांचे स्क्रू आवळत बसलेल्या ताईने विचारलं.

"या पिशव्या."

"चांगल्या आहेत की. आठवड्याची भाजी मावेल."

"ताई, ती येतेय."

ताईचा हात थांबला. 'ती' म्हणजे कोण, हे भावाला विचारायची तिला गरज नव्हती. समोरच्या इमारतीत राहणारी, जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येणारी आणि पुढे बंदरावर क्रेन चालवायला लागलेली. तिला दूरच्या बंदरावर नोकरी लागली तेव्हा भिंग्या तिला बसपर्यंत सोडायला गेला होता. 'जाऊ नकोस' एवढंच पाठ करून. शब्द ओठांवर आले, नेमके तेव्हाच डोळे भरले आणि काचा धूसर झाल्या. त्याने चष्मा काढला, रुमालाने निगुतीने पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला आणि नाकावर चढवला. तोवर बस वळणापलीकडे गेली होती. त्यानंतर अर्ध्या गावाचे डोळे त्याच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसले. लग्नाचं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "नंबर जुळत नाही."

"फोन आला होता," तो म्हणाला. "इकडे कामाला आलीय, संध्याकाळच्या गाडीने परत. डोळे तपासून घ्यायचेत म्हणाली."

"मग तपास. तिचे तपासायचेत, तुझे नाहीत."

"तपासताना तोंडासमोर तोंड येतं गं!"

 ताईच्या हातून स्क्रू जरा जास्तच आवळला गेला.

तिच्याखालची ओळ

एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं की लॅव्हेंडरच्या तेलाने डोळ्यांखालची सूज उतरते. भिंग्याने तेव्हा मान डोलावली होती आणि दुपारी गुपचूप कुपी आणली होती. कुपीच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत तेलाचं नाव आणि फुलाचं चित्र. मागच्या बाजूला मुंग्यांची रांग असावी तसा बारीक मजकूर. तो वाचायला चष्मा हवा. चष्मा घातला तर तेल लावायचं कुठे? भिंग्याने विचार केला आणि मजकूर सोडून दिला.

"ते तसंच लावायचं असतं का रे?" ताईने विचारलं.

"तेल आहे. तेल कसं लावतात?"

त्याने उजव्या पिशवीवर थेंब सोडला. डाव्या पिशवीवर सोडला. मग तिची येण्याची वेळ आठवली आणि कमी पडायला नको म्हणून दोन्हींकडे सढळ हाताने पुन्हा सोडले, बोटाने चोळलेही. आधी गार वाटलं. मग कोमट. मग भिंग्याने असा आवाज काढला की शोकेसमधल्या चष्म्यांच्या काड्या थरथरल्या.

ताईने त्याची मान नळाखाली धरली. धुऊन धुऊन पाणी संपायची वेळ आली, पण दोन्ही डोळे फुगत फुगत मिटून गेले. तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डोळ्यांना काही झालेलं दिसत नाही म्हणतात, कातडी चिडलीय. धुवत राहा, गार पट्टी ठेव आणि उद्या सकाळी येऊन दाखव."

"उद्या? आणि आज?"

"आज तुला काही दिसणार नाही."

भिंग्या खुर्चीत बसला. इतकी वर्षं तिचा चेहरा एकदा पाहायला मिळावा म्हणून तो झुरला होता. आणि आज तोच चेहरा वीतभर अंतरावर येणार होता.

"तिला फोन कर. येऊ नको म्हणून सांग," तो पट्टीखालून म्हणाला.

दारावरची घंटी वाजली.

मधली ओळ

"कुणी गेलंय का इथे? फुलांचा केवढा वास!"

तोच आवाज. वाऱ्यावर ओरडून ओरडून आणखी मोठा झालेला.

"ये," भिंग्या ताठ बसत म्हणाला. "बस समोर."

"भिंग्या, डोळ्यांवर हे काय?"

"नवी पद्धत आहे. तपासणाऱ्याने डोळे झाकायचे. म्हणजे पेशंटला संकोच वाटत नाही."

ताईला ठसका लागला.

तक्ता त्याला तोंडपाठ होता, त्यामुळे अडायचं कारण नव्हतं. तपासणीचा चष्मा हातात धरून तो तिचं नाक चाचपायला लागला.

"ते नाक नाही, कोटाचं बटण आहे."

"माहीत आहे. वरच सरकतोय."

शेवटी तिनेच चष्मा घातला. भिंग्याने काचा बदलत नेहमीसारखं विचारलं, "हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखंच."

"ताई," तो हळूच कुजबुजला, "कशी दिसते गं?"

"विचारतोय," ताई मोठ्याने म्हणाली, "कशी दिसतेस!"



"सांग त्याला, केस पिकलेत. आणि पिशव्या आल्यात माझ्याही डोळ्यांखाली."

"मोठ्या आहेत?" भिंग्याने विचारलं. इतक्या आर्जवाने त्याने आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं.

"आज तुझ्याशी बरोबरी कोण करणार?"

बारीक ओळ

काचा काढून त्याने तिला तक्ता वाचायला लावला. तिने वरून खालपर्यंत न अडखळता वाचला.

"याच्याखाली छापखान्याचा पत्ता आहे. तोही वाचू?"

भिंग्याला तो पत्ता तिथे आहे हेच माहीत नव्हतं.

"आणि तिकडे मोरीच्या फळीवर कुपी आहे," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "मागे लिहिलंय: 'चमचाभर बदाम तेलात एकच थेंब मिसळून लावावे. डोळ्यांपासून दूर ठेवावे.'"

ताईने तोंडाला पदर लावला आणि चहा टाकायचं निमित्त करून आत गेली.

"म्हणजे तुला चष्मा लागतच नाही," भिंग्या सावकाश म्हणाला.

"क्रेनवर बसते मी. डोळे अधू असते तर आतापर्यंत कुणाच्या तरी डोक्यावर खोका पडला असता."

"मग आलीस कशाला?"

 बाहेर कुठल्याशा गाडीने हॉर्न दिला. भिंग्याचे डोळे पट्टीखाली भरून आले, पण या वेळी पुसायला काच नव्हती.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"केवढा वेळ लावलास रे!"

खुर्ची सरकली. लॅव्हेंडरच्या त्या वासातही तिच्या कोटाचा, ग्रीसचा वास त्याला अगदी जवळून आला.

"आजची गाडी जाऊ दे. सूज उतरली की तूच बघून सांग," ती म्हणाली. "मी लांबून बरी दिसते, की जवळून?"

सर्वांत खालची ओळ

सूज उतरायची आता भिंग्याला अजिबात घाई नव्हती.