रंगरावांच्या फोटोला हार

अर्पिताच्या बाबांनी, म्हणजे गोकुळभाऊंनी, मेहकरच्या बसस्टँडसमोरच्या आपल्या हॉटेलला नवा रंग दिला आणि हॉटेलचा इतिहास भिंतीवर लावायचं काम लेकीवर सोपवलं. दहावीतली अर्पिता लगेच इतिहासकार झाली. उद्घाटनाच्या दिवशी गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर बाबा जन्मभर ऐकवतील हे मात्र तिला ठाऊक होतं.

मालक एकूण तीन. टिनाच्या शेडमध्ये भज्यांची कढई चढवणारे रंगराव, त्यांच्याकडून हॉटेल घेऊन चहा गाजवणारे शकीलचाचा, आणि आता बाबा. शकीलचाचा रोज सकाळी येऊन चहाला नावं ठेवत, म्हणजे जिवंतच. रंगरावांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं, शिवाय फोटो काळा-पांढरा. आणखी काय पुरावा हवा? तिनं फोटोला झेंडूचा घसघशीत हार घातला आणि भिंतीचा फोटो स्टेटसला टाकला.

उद्घाटनाला दहा वाजता माणसं आली खरी, पण नाक पुसत. स्टेटस पाहून धावलेली रंगरावांची अख्खी भावकी!

"त्याचा फोन बी बंद येऊन राह्यला," चुलतबहीण केसरबाईंनी हंबरडा फोडला. "गेला वं माया भाऊ!"

बाबा गडबडले. "बसा ना बाई. गरम भजे..."

"सुतकात तळण? बंद कर थे कढई!"

गॅस बंद झाला. गिऱ्हाईकं दारातूनच हात जोडून मागं फिरली.

"हार घालाले कोनं सांगतलं होतं वं?" बाबा दातओठ खात कुजबुजले. "म्या त्याइले उद्घाटनाले बलावलं हाय!" पण केसरबाईंच्या हंबरड्यापुढं त्यांचं ऐकतंय कोण?

तेवढ्यात संग्रामपूरच्या गाडीतून उतरलेला एक म्हातारा, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, मागच्या बाकावर येऊन बसला. "देवमानूस होता," भावकी सांगत होती. "कोनाले उलटून बोलला नाही." म्हातारा खुशीत मान डोलवत होता.

"मानूस सोन्यावानी," केसरबाई म्हणाल्या. "पन भजे? दगड! माई दाढ गेली त्याच्या भज्यानं."

"कोन म्हनते वं दगड?" म्हाताऱ्यानं दुपट्टा भिरकावला. दोन बाया किंचाळल्या.

"रंगराव! तू मेला नाही का?"

"मेलो असतो त मले सांगतलं नसतं का कोनी? फोनची बॅटरी उतरली बाप्पा!"

रागानं त्यांनी स्वतःच कढई चढवली. भावकीला खाणं भागच होतं. मेलेला माणूस भजी तळतोय म्हटल्यावर परतलेली गिऱ्हाईकंही धावत आली. परातीमागून परात रिकामी होऊ लागली. बाबा चक्क हसले.

"कसे झाले, आत्या?" अर्पितानं केसरबाईंना हळूच विचारलं.

"दगडच हायेत, पोरी. पन जित्या मानसाच्या तोंडावर कोन सांगते?" आणि मग मोठ्यानं, "वा रंगराव! तेच चव!"

रंगरावांचा ऊर भरून आला. झारा घट्ट धरून ते म्हणाले, "गोकुळ, मले आता संग्रामपुरात करमतच नाही. उद्यापासून भजे मीच तळतो, रोज!"

बाबांचं हसू जागच्या जागी थिजलं. टाळ्या सगळ्यात जोरात केसरबाईंनी वाजवल्या.