बिजागरी सरकत नसते

आकृती १. डोके, समोरून

"मला राग येत नाही!" असे बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजाऱ्यांचा कुत्रा अंगणातून उठून घरात गेला.

येत नाही म्हणजे नाहीच! बाबा सुतार. दारे बसवणे हा धंदा. दिवसभर करवतीच्या मशीनशेजारी उभे राहायचे, आणि मशीन काही कुणासाठी आवाज खाली आणत नाही, तेव्हा माणसालाच वर जावे लागते. एवढेच. आता बोलताना कपाळावर एक शीर उभी राहते, भुवया एकमेकींच्या अंगावर धावून जातात आणि ऐकणारा भिंतीला टेकतो, हा ऐकणाऱ्याचा भित्रेपणा. त्याला बाबा काय करणार?

"राग येत नाही ना? मग माझं मॉडेल व्हा," लेक म्हणाली. "मॉडेलनं नुसतं गप्प बसायचं असतं."

लेकीला घरात छोटी म्हणतात. छोटी चोवीस वर्षांची आहे आणि बाबांच्या खांद्याच्या वर गेली आहे, पण नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही. दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करण्याचा कोर्स ती शिकत होती. बाबांना तो पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता.

"लोकांच्या तोंडात हात घालायला मुलगी वाढवली का मी?"

"हात डॉक्टर घालतात, बाबा. मी शेजारी उभी राहून हत्यारं देते. तुमचा मदतनीस पटाशी देतो तशी."

मुद्दा संपला की बाबांचा आवाज आणखी वाढतो.

पण प्रसंग बाका होता. छोटीच्या कोर्सची शेवटची परीक्षा वहीतली नव्हती, जिवंत डोक्यावरची होती. आपले मॉडेल आपण आणायचे, खुर्चीत बसवायचे आणि परीक्षक विचारतील त्या हाडावर, स्नायूवर, दातावर बोट ठेवून नाव सांगायचे. मॉडेल बोलले की मार्क गेले. मॉडेल फारच बोलले की परीक्षा गेली. मागच्या वेळी छोटीने मावशीला नेले होते. गळ्याच्या गाठी चाचपायला बोटे लावली मात्र, मावशीला अशा गुदगुल्या झाल्या की तिने हसता हसता हत्यारांचा ट्रे लाथेने उडवला! छोटी नापास. आता ही दुसरी संधी, आणि तिसरी नव्हतीच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या मॅडमनी जागा राखून ठेवली होती, पण त्याही म्हणाल्या होत्या, "पास होऊन ये बाई. नाहीतर मी दुसरी बघते."

"मग आईला ने," बाबा म्हणाले.

"आईनं कधी दात आवळलेले बघितलेत? तिच्या गालात सापडणार काय मला? आणि तुमचा मॅसेटर, बाबा, पुस्तकातल्यापेक्षा मोठा आहे."

"माझा काय?"

छोटीने त्यांच्या गालाच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "हा. चावायचा स्नायू. दात आवळा बघू."

आवळायची गरज नव्हती. आवळलेलेच होते.

"बघा! दगड आहे नुसता!" छोटी म्हणाली.

पुस्तकातल्यापेक्षा मोठा. बाबा आरशापुढे जाऊन आले. आरशाकडे रागानेच बघितले, पण दोनदा बघितले.

आकृती २. दात (मोजणी जमत नाही)

"हा अकरा," छोटी बाबांच्या पुढच्या दातावर आइस्क्रीमची काडी टेकवत म्हणाली.

"हा पहिला."

"याचा नंबर अकरा, बाबा."

"मग पहिले दहा कुठं गेले?"

"तोंडाचे चार भाग करतात. आधीचा आकडा भागाचा, नंतरचा दाताचा. पहिल्या भागातला पहिला दात, एक-एक, अकरा. असं करत करत शेवटची दाढ अठ्ठेचाळीस."

बाबांनी काडी तोंडातून काढली. "माणसाला दात किती?"

"बत्तीस."

"आणि नंबर अठ्ठेचाळीसपर्यंत! मी गिऱ्हाइकाला बत्तीस दारांच्या जागी अठ्ठेचाळीसाव्या दाराचं बिल लावलं तर तो मला त्याच दारात उभा चिणेल! कुणी शोधलं हे? बोलाव त्याला!"

"तो नाहीये बाबा इथं."

"असणारच नाही!"

अशी रोज शिकवणी. छोटीही काही शांत गाय नव्हे. बाबांचा आवाज एक पायरी चढला की तिचा दोन चढायचा. मधे आई, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. आई शब्दाला शब्द लावायची नाही. फारच झाले तर एवढेच म्हणायची, "दोघं एकाच साच्यातून काढलेत."

आकृती ३. सांधा

"आता कानाच्या पुढं," छोटी म्हणाली. "इथं बोट ठेवा. तोंड उघडा. मिटा. उघडा. हलतंय ना? हा जबड्याचा सांधा. आधी बिजागरीसारखा फिरतो, मग पुढे सरकतो."

बाबांचे तोंड उघडेच राहिले. मग सावकाश मिटले.

"काय करतो?"

"सरकतो."

"बिजागरी," बाबा म्हणाले, आणि आईने हातातली घडी खाली ठेवली, "सरकत नसते."

"ही सरकते."

बाबा उठले, पिशवीतून पितळेची नवी बिजागरी काढली आणि छोटीच्या नाकासमोर उघडमीट केली. "ही बघ! ही पिन. पिनीभोवती फिरते. जन्मभर एका जागी फिरते! सरकली तर तिला बिजागरी म्हणत नाहीत, भंगार म्हणतात!"

"पण जबड्याला पिन नसते ना!"

"मग धरून काय ठेवतं त्याला?"

"स्नायू. आणि अस्थिबंध. दोरीसारखे असतात ते."

"दोरीनं बांधलंय? दार? दोरीनं?"

"सगळ्यांचा सरकतो, बाबा!"

"सगळ्यांचा सरकत असेल! माझा नाही!"

आई म्हणाली, "सरकू दे नाहीतर राहू दे. पानं वाढलीत."

परीक्षेच्या आदल्या दिवशी छोटीने बाबांकडून वचन घेतले. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत एक शब्द नाही.

"कुणी काही म्हणालं तरी?" तिने पुन्हा बजावले.

"मी काय दगड आहे का?"

"बाबा."

"बरं. दगड आहे."

आकृती ४. (आकृती हलली आहे)

परीक्षेच्या हॉलमध्ये एका रांगेत खुर्च्या, खुर्च्यांत मॉडेले. कुणाचे आजोबा, कुणाचा भाऊ, कुणाचे काका. सगळे फोटो काढायला बसल्यासारखे. परीक्षकांना मुली चोरून टिचकी सर म्हणत, कारण उत्तर अडले की ते पेनच्या टोपणावर नखाने टिचकी मारत. टिच्!

बाबांना टिचकीचा राग आला नसता. पण दार!

हॉलचे दार वरच्या बिजागरीतून सुटत आले होते. तीन स्क्रूंच्या जागी तीन भोके. कुणी आत आले, कर्रर्र! कुणी बाहेर गेले, कर्रर्र! फरशीवर दाराने अर्धा चंद्र कोरला होता. एवढी शिकलेली माणसे रोज या दारातून जातात आणि कुणाच्या कानाला काही होत नाही? बाबांची शीर उभी राहिली. पण वचन होते. बाबा दगड झाले.

टिचकी सर आले. छोटीने बोट ठेवले, नाव सांगितले. कानशिलावरचा स्नायू, बरोबर. गालातला मॅसेटर, बरोबर. सरांनी स्वतः दाबून पाहिला आणि भुवया वर केल्या.

"असामान्य मोठा आहे. मॉडेल झोपेत दात खातं का?"

"जागेपणीच, सर," छोटीच्या तोंडून निसटले.

रांग हसली. आणि "खातं"? खातं! बाबा काय वासरू आहेत? कर्रर्र, दार म्हणाले. बाबा दगड.

"आता सांधा. हा हलतो कसा?"

छोटीने कानापुढे बोटे ठेवली. "फिरतो..." आणि ती थांबली. तिने बाबांच्या डोळ्यांकडे पाहिले.

टिच्! "फिरतो आणि?"

बोटे गार पडली होती तिची. बाबांना ती गालावर कळत होती. मागे एकदा स्टुलावरून पडून रडत आली होती तेव्हा अशीच गार होती. एक शब्द बोलायला पोरगी घाबरते आहे, आणि तीही परीक्षकाला नाही! बाबांना स्वतःचाच राग आला, पण तो राग कुणावर काढायचा ते कळेना. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हण बाई, काय म्हणायचे ते म्हण.

"सरकतो," छोटी म्हणाली.

बाबा गप्प! हे आईने पाहायला हवे होते. पण आई बाहेर बाकावर होती.

"शाबास," टिचकी सर म्हणाले. तिथेच थांबले असते तर ही गोष्टही तिथेच थांबली असती. पण ते सगळ्या हॉलकडे वळले. "लक्षात ठेवा, मुलींनो, हा सांधा अजब आहे. ही काही दाराची बिजागरी नव्हे. दाराच्या बिजागरीत काय आहे? कुणीही उठावं आणि ठोकावी!"

कर्रर्र.

"अहो!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "चाळीस वर्षं बिजागऱ्या बसवतोय मी! कुणीही ठोकावी? तुमचं ते दार रडतंय, ऐकू येतं का? कुणीही ठोकली म्हणूनच रडतंय! तीन स्क्रू नाहीत त्याला! नीट बसवलेली बिजागरी जन्मात कधी सरक—"

खट्.

आकृती ५. आ

"आ," बाबा म्हणाले.

"खाली बसा! तोंड बंद करा!" टिचकी सर ओरडले.

"आ!"

"मी सांगतोय ना, तोंड बंद करा!"

"आ आ आ!!"

"हे मॉडेल उद्धट आहे! बाई, तुमच्या मॉडेलला तोंड मिटायला सांगा, नाहीतर परीक्षा रद्द!"

रांगेतल्या बाकीच्यांना वाटले, परीक्षेचाच पुढचा भाग सुरू झाला. आपण मागे पडायला नको म्हणून पहिल्या आजोबांनी आ केला. त्यांचे पाहून काकांनी. मग भावाने. सगळी रांग छताकडे बघत आ!

छोटीने बाबांच्या कानांपुढे बोटे नेली. जिथे हाड हवे तिथे दोन्हीकडे खळगा होता. आणि हनुवटी पुढे आली होती, उघडा राहिलेला ड्रॉवर जसा.

"सर, ते मिटू शकत नाहीत," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी पुढे सरकून अडकलाय."

सरकून! बाबांचे डोळे गरागरा फिरले. "आ आ!" यात एकही अक्षर नव्हते, पण छोटी चोवीस वर्षे याच माणसाच्या घरात राहिली होती.

"सरकलाय, बाबा! भांडू नका!"

टिचकी सरांचा चेहरा बदलला. ते परीक्षक होते, पण आधी डॉक्टर होते. "खुर्ची खाली घे. डोकं मागं टेकव. गॉज!"

गॉजची पट्टी आधीच छोटीच्या हातात होती. डॉक्टरने दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली आणि मागे दाबायचा. तो जागेवर बसला की खाडकन मिटतो, म्हणून अंगठ्यांना कापड. ती सरांचे अंगठे गुंडाळू लागली.

"पुरे," सर म्हणाले.

"आणखी दोन वेढे, सर. हा जबडा मी ओळखते."

सरांनी दाबले. बाबांचे डोळे बाहेर आले. सरांनी आणखी दाबले. खट्! जबडा जागेवर गेला, आणि पुस्तकातल्यापेक्षा मोठा तो मॅसेटर आपल्या कामाला लागला.

"आई गंऽऽ!" हॉल दणाणला. पहिल्यांदाच तो आवाज बाबांचा नव्हता.

अंगठे सुटले. सरांनी ते मोजल्यासारखे पाहिले. दोन्ही होते. सगळा हॉल श्वास रोखून बाबांकडे बघत होता, काकांचा आ अजून तसाच होता. बाबांनी ओठ पुसले, जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नेऊन पाहिला, आणि टिचकी सरांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले,

"—त नसते!"

आकृती ६. डोके, पट्टीसह

छोटी पास झाली. मॉडेल बोलल्याचे मार्क कापले, पण अंगठे वाचवल्याचे बहुधा मिळाले असावेत. सरांनी निकाल सांगताना टिचकी मारली नाही. मारता येत नव्हती.

बाबांच्या हनुवटीखालून टाळूवर अशी पट्टी बांधली की माणूस कुठेतरी पाठवायचे पार्सल दिसावा. हुकूम असा: ओरडणे बंद. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचे नाही. जांभई आली तर हनुवटीखाली तळहात. जांभईचा इलाज आईने रागालाही लावला. बाबांची शीर उभी राहिली की आई येऊन तळहात लावायची, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून धरावे तसा. घर इतके शांत झाले की शेजारी विचारायला आले, सगळे बरे आहेत ना?

त्याच पट्टीनिशी बाबा एक दिवस स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले आणि हॉलचे दार बसवून आले. पैसे घेतले नाहीत. मेहेरबानी म्हणून नव्हे, रागाने.

छोटी मॅडमकडे कामाला लागली. पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी ती घरी आली, तर बाबा खिडकीत पाठमोरे. वळले. पट्टी गळ्यात, तोंडात अख्खे सफरचंद.

"बाबाऽऽ!!" पिशवी एकीकडे, चपला एकीकडे. "काय सांगितलंय तुम्हाला? किती बोटं? दोन! ही दोन बोटं आहेत? मी दिवसभर लोकांना समजावते आणि घरी हे! पुन्हा सरकला म्हणजे?"

"सरकत नसतो," बाबा सफरचंदामागून म्हणाले.

"सरकतो!!"

"नसतो."

"सरकतो सरकतो सर—"

आईने घडी खाली ठेवली. ती उठली. बाबांनी सवयीने हनुवटी वर केली.

आई त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली आणि छोटीच्या हनुवटीखाली तळहात लावून उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता बोल."