सोमाजींचा ब्रेड बंद

सोमाजींना सकाळच्या चहात बुडवायला ब्रेड लागायचा. एक पुडा दोन दिवस पुरत नसे. आणि मग दिवसभर पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. शेवटी ते ब्रह्मपुरीच्या वैद्यबुवांकडे गेले.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "ब्रेड मैद्याचा, आंबवलेला, कोरडा. तुमच्या मंद अग्नीला तो झेपत नाही. आजपासून बंद. सकाळी जुन्या तांदळाची पेज प्या. पोट हलकं झालं, तरच मंडईचं मटण."

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि मटण शिजतं. सोमाजी वर्षभर त्याचीच वाट पाहत. त्यांनी ब्रेड सोडला.

चार-पाच दिवसांत पोट हलकं वाटू लागलं. त्या आनंदात त्यांच्या पत्नी शकुबाई नळावर बोलून गेल्या, "आमच्या घरी त्याइचा ब्रेड बंद झाला बाई."

आता त्या गावात ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ज्याला काहीच जात नाही, त्याला ब्रेड जातो. मग ज्याला ब्रेडही जात नाही, त्याचं काय उरलं?

दुपारी शेजारचे लटारूभाऊ डोळे पुसत आले. हातात ब्रेडचा पुडा. "सोमाजीभाऊ, काऊन असं केलं?"

"मले काई झालं नाई!"

"सारे असंच म्हणतात." लटारूभाऊ शकुबाईंकडे वळले. "पोरीले कळवलं का?"

संध्याकाळपर्यंत ओसरी भरली. फळीवर ब्रेडची चळत लागली. येईल त्याला चहा, आणि चहासोबत तोच ब्रेड. मंडळी बुडवून बुडवून हळहळत होती. सोमाजी पेजेची वाटी घेऊन त्या वासात बसले होते. एकदा त्यांचा हात पुड्याकडे गेलाच.

"अवो, मटण!" शकुबाई म्हणाल्या. हात मागे आला.

इतक्यात वैद्यबुवांची मोटारसायकल थांबली. आपला रोगी शेवटच्या घटका मोजतोय, असं त्यांना गावाहून आलेल्या जीपवाल्याकडून कळलं होतं. त्यांनी घाईघाईने नाडी पाहिली, पोट दाबलं आणि हुश्श केलं. "पोट तर लोण्यासारखं मऊ! खुशाल खा मंडईचं मटण."

"अन् तुमच्या पिशवीत काय हाय?" सोमाजींनी विचारलं.

वैद्यबुवा ओशाळले. आजाऱ्याला पाहायला रिकाम्या हाताने कसं यायचं? त्यांनी ब्रेडचा पुडा काढून फळीवर ठेवला.

शकुबाईंनी चहा दिला. दुपारपासून उपाशी असलेल्या वैद्यबुवांनी नकळत एक तुकडा बुडवला.

"सांभाळून, वैद्यबुवा," सोमाजी पेजेचा घोट घेत म्हणाले, "मंडई जवळ आली हाय."