बाळंतिणीची खोली

आमचे दामूअण्णा तीर्थाला गेले की देवाच्या आधी बाळंतिणीची खोली विचारायचे. समाधीला ते जायचेच नाहीत. "गेलेल्याचं काय बघायचं? माणूस जन्मला कुठे ते दाखवा!" म्हणून त्यांच्या यात्रा फक्त संतांच्या जन्मघरांना.

भिवंडीत धामणकर नाक्यामागे आमची दारं समोरासमोर. अण्णा कापडाच्या लूमवर फिटर. जन्म त्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे बायकोशी प्रेमाने बोलले तरी भांडण लागलं म्हणून आम्ही दार उघडून बघायचो.

गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी एका रविवारी त्यांनी मलाही ओढलं. जुन्नरकडच्या एका खेड्यातलं, एका संतमहाराजांचं जन्मघर. "बाई, शाळेत पोरांना संत शिकवता, त्यांचं घर पाहिलंय? आता बोला!" 'आता बोला' हे त्यांचं पालुपद. समोरच्याला बोलायला मात्र कधी मिळालं नाही.

घर छान जपलेलं होतं. मातीच्या भिंती, कोनाडे, पाळणा. पण खोलीत चकाचक टाइल्स! झालं, अण्णा पुजाऱ्यावर घसरले. "टाइल्सवर झालं होतं का बाळंतपण? आता बोला!"

"देणगीदारांची इच्छा," पुजारी पुटपुटला.

"बरं, आईचं नाव काय?"

"मातोश्री."

"अहो, ते नातं झालं. नाव?"

पुजाऱ्याने महाराजांच्या पिढ्या घडाघडा म्हटल्या. सगळे बाप्ये! आई कुठेच नाही. अण्णांनी तिथेच बसकण मारली. नाव कळल्याशिवाय उठणार नाही म्हणे.

बाहेर जीपवाला सलीम हॉर्न मारत होता. "अण्णा, चलो ना! घाट में अंधेरा हो जाएगा." माझंही डोकं फिरलं. "पुरे झाला हट्ट, अण्णा! कशाला हवंय तुम्हाला ते नाव?"

अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, माझी आई मला जन्म देताना गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई चांगली होती हो, पण घरात माझ्या आईला सगळे 'पहिली' म्हणायचे. पहिलीचं लुगडं, पहिलीचा पोरगा. म्हटलं, विचारू कधीतरी नाव. आता सांगायला माणूसच उरलं नाही."

मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पुजाऱ्याची म्हातारी आई भिंतीला धरत आतून आली. "भागा," ती म्हणाली. "जन्माच्या दिवशी आमी बाया पाळणा म्हनतो, त्यात हाय तिचं नाव. बाप्यांनी कदी इचारलंच न्हाई."

अण्णा उठले. टोपी काढली. कोपऱ्यात जाऊन त्यांनी जमिनीला डोकं टेकवलं आणि म्हणाले, "भागाबाई, पोर जगलं हो तुमचं. चांगलं निघालं."