सावनीचे स्वावलंबन

आमची कन्या सावनी पेणमधील ज्या बालवाडीत जाते, तेथे मुलांना स्वावलंबी करण्यात येते. पुढच्या वर्गात जाण्यासाठी मुलाने सर्व पालकांसमक्ष स्वतः चप्पल घालायची, डबा उघडायचा आणि खाऊन दाखवायचे. न जमल्यास मूल पुन्हा बाळांच्या वर्गात. मी रोह्याच्या शाळेत शिक्षक. मास्तरांचीच मुलगी नापास, म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही!

तयारी तातडीने सुरू झाली. बोटांच्या व्यायामासाठी शाळेने सुचवलेले प्लास्टिकचे मणी मी घेऊन आलो. पाहतो तर सावनी स्वयंपाकघरात आईजवळ फतकल मारून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती. चिमटीत दाबला की साल एकीकडे, दाणा वाटीत.

"हे काय चाललंय? बोटांचा व्यायाम कधी करायचा हिने?" मी ओरडलो.

"अहो, मग ती आत्ता काय करतेय?" माझी बायको वृंदा म्हणाली.

"हा स्वयंपाक झाला. शाळेने वाल सांगितलेले नाहीत."

मी वालाचं पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं. सावनीने भोकाड पसरलं. मग तिला मण्यांपुढे बसवून, तिचे हात धरून, सगळे मणी मीच ओवले.

चपलांचेही तेच. रोज सकाळी ती "मी घालनार!" म्हणून उंबऱ्यावर बसे. घालीही, फक्त डावी उजवीकडे. पण तिच्या गतीने गेलो तर माझी रोह्याची गाडी चुकायची, म्हणून मीच घालून देई.

"जरा वेळ द्या ना तिला," वृंदा म्हणे.

"स्वावलंबनाला वेळ नाय आपल्याकडे!"

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी शाळेची सूचना आली. मुलांचे स्वावलंबन वेळेत आटोपावे यासाठी प्रत्येक मुलामागे एक पालक उभा राहील, मुलांनी चपला घालूनच मंचावर यावे आणि डब्यांची झाकणे घरूनच सैल करून आणावीत. किती बारकाईने विचार करतात हो ही माणसं!

प्रमुख पाहुणे आले. एकाने त्यांची छत्री घेतली, दुसऱ्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. "मुलांना आपली कामं आपण करू द्या," असं सांगून त्यांनी हात पुढे केला, तेव्हा त्यात रुमाल ठेवण्यात आला.

मग आदर्श नावाचा मुलगा आला. मागून त्याच्या आईने, वैशालीताईंनी, त्याचा हात धरून घास तोंडापर्यंत नेला. आदर्शने तोंड तेवढं उघडलं. टाळ्यांचा कडकडाट!

सावनीची पाळी आली. मी वाकलो, तर तिने माझा हात झटकला. "बाबा, नाय! मी!" मी घातलेल्या चपला तिने काढल्या, मंचावर बसून पुन्हा घातल्या. उलट्या! डब्याचं झाकण मी सैल केलेलं. तिने ते आधी घट्ट लावलं आणि मग ओठ चावत उघडलं. भात-बिरडं एकटीने खाल्लं, गालाला फासलं. सभागृहात एकही टाळी वाजली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुख्याध्यापिका अनिता मॅडम हळहळल्या. "महादेव सर, बाकीची मुलं बघा, किती छान मदत घेतात. सावनी सहकार्यच करत नाही. सगळं स्वतःच करते. एक वर्ष राहू द्या बाळांत, येईल वळणावर."

"अहो, पण तिला जमलं!" वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळं जमलं माझ्या पोरीला!"

"जमून काय उपयोग?" मी म्हणालो आणि मॅडमची माफी मागितली.

घरी येऊन खुर्चीत बसलो. "वृंदा, टॉवेल! चहा! आणि माझा चष्मा कुठाय?"

चष्मा सावनीने शोधून आणला. मी डोळे मिटून तोंड पुढे केलं, तर तिने तो माझ्या हातात ठेवला.

"बाबा, तुजा तू घाल."

पाहिलंत? हा असा आगाऊपणा वेळीच मोडून काढावा लागतो. तुम्हाला पटेलच. असो, वाचून झालं असेल तर उठा आता. तो तुमचा चहाचा रिकामा कप राहू द्या तिथंच. उचलेल कोणीतरी.