निकमकाका राहून येतात

निकमकाका गावाला जाऊन आले की आम्ही ऑफिसात सगळ्यात आधी त्यांची चाल बघायचो. जाताना जी असायची ती येताना नसायची.

देवळ्याला एका कांदेवाल्याकडे राहून आले, तेव्हा आठवडाभर खिडकीशी उभे राहून हवा हुंगत होते. "आभाळाचं काही खरं नाही, भो. चाळीतला माल सडणार." नाशिकच्या गंगापूर रोडवर, तिसऱ्या मजल्यावर आम्ही कांद्याची चाळ कुठून आणायची? एकलहऱ्याला वीजकेंद्रातल्या एका फिटरच्या क्वार्टरमध्ये राहून आले, तर कानाशी यंत्रं धडधडत असल्यासारखे ओरडून बोलायला लागले. "चहा घेता का?" हे त्यांनी मला इतक्या मोठ्यांदा विचारलं, की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी "आत्ता नको" असं जिन्यातून कळवलं.

आमचं मासिक प्रवासाचं. पण कुठे काय बघावं, कोणतं हॉटेल बरं, हे त्यात सापडत नाही. आमच्या संपादक वैदेही मॅडम प्रत्येक लेखकाला बजावून पाठवतात, "बघून येऊ नका, जगून या." म्हणजे अनोळखी माणसांच्या घरी राहायचं, त्यांच्याबरोबर राबायचं, त्यांचंच अन्न खायचं आणि मग लिहायचं. बाकीचे लेखक संडास घराबाहेर आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी परत यायचे. काका टिकायचे. मी फोटोग्राफर. त्यांचा मुक्काम संपत आला की मी जायचो, फोटो काढायचो आणि त्यांना घेऊन यायचो.

काका पन्नाशी उलटलेले, एकटे. चेहरा असा की बसमध्ये शेजारी बसून आलेला माणूसही स्टँडवर उतरल्यावर ओळखणार नाही. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी नाशिकरोडच्या त्यांच्या खोलीवर गेलो होतो. खाट, पंखा, दोरीवर दोन शर्ट. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. इतकी वर्षं राहणाऱ्या माणसाची खोली अशी, की सकाळी कोणीतरी रिकामी करून गेलं असावं. मी तिथे फार वेळ बसू शकलो नाही.

त्यांच्या नकला म्हणून आम्ही हसायचो. मग सटाण्याकडच्या एका मास्तरांचा फोन आला. काका त्यांच्याकडे राहून आले होते. मास्तर म्हणाले, "तुमचे निकम माणूस चांगले. पण ते आमच्याकडे डाव्या हाताने का जेवत होते?"

मी म्हटलं, "काका उजव्याच हाताने जेवतात."

मास्तर हळूच म्हणाले, "आमचे वडील डावखुरे होते. निकम त्यांच्याच जागेवर बसायचे. आम्ही त्यांना काही सांगितलेलं नव्हतं हो."

मी काकांना विचारलं. ते नेहमीसारखे ओशाळले. "मी कुठे काय केलं? मी काय, नुसता राहून आलो." मग जरा थांबून म्हणाले, "प्रत्येक घरात एक जागा रिकामी असते, भो. आपण तिथे बसायचं. बसलं की कसं बसायचं ते आपोआप येतं."

मी हसलो. पण त्यानंतर ते डब्यासाठी माझ्या शेजारी बसले की मी नकळत खुर्ची थोडी सरकवून घ्यायला लागलो.

भाद्रपदात मॅडमनी त्यांना इगतपुरीच्या बाजूला पाठवलं. धरणाच्या काठाशी भातशेती करणारी हौसाबाई नावाची म्हातारी एकटी राहत होती, तिच्याकडे. ठरलेले दिवस झाले, तरी मला बोलावणारा काकांचा निरोप आला नाही. फोन लागेना. अंक अडला होता. मॅडम म्हणाल्या, "तू जा आणि त्यांना घेऊनच ये."

जीपवाल्याने मला बांधावर सोडलं. दुपार होती, पण धुक्याने उजेड पार मळून गेला होता. पोटरीतलं, लोंबी अजून बाहेर न पडलेलं भात, मग पांढरं काहीतरी, आणि त्या पांढऱ्यात कुठेतरी धरणाचं पाणी. ते दिसत नव्हतं, नुसतं काठाला चाटत असल्यासारखं ऐकू येत होतं. एक काळं कुत्रं अंगावर धावून आलं. तेवढ्यात घराच्या दिशेकडून बारीक शीळ ऐकू आली आणि ते गुपचूप मागे फिरलं.

ओट्यावर एक माणूस एक पाय दुमडून, दुसरा लांब सोडून बसला होता. डोक्याला टापरं बांधलेलं. हाताने गुडघा चोळत होता. मी अगदी जवळ गेलो तेव्हा कळलं की ते काका आहेत.

"काका, निघायचं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वैतागले नाहीत, दचकले नाहीत, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं नुसतं पाहिलं. "कोन पाहिजे?" आवाजही त्यांचा नव्हता, छातीतून घरघरत येणारा होता.

"काका, मी आहे. ऑफिसातून आलोय."

"आये," त्यांनी आत हाक दिली, "कोनी पाव्हनं आलंय." मग वर न पाहता हात उंचावला, छपराच्या वाशात खुपसलेला विळा काढला आणि पाठीमागच्या गवताकडे निघून गेले. कुत्रं त्यांच्या पायाशी घासत गेलं.

कॅमेरा गळ्यात होता, पण वर उचलायची हिंमत झाली नाही.

हौसाबाई बाहेर आल्या. लहानखुऱ्या, ताठ. मला म्हणाल्या, "बस, बाबा. घाबरू नको. मीच कालपास्नं घाबरलेय."

"हे असं कधीपासून?"

"माझा सोपान हाय ना, त्यो त्या पान्यात गेला. दोन पावसाळं झालं. गुडघा दुखायचा त्याचा, आसाच बसायचा. ह्यो आला आन् हळूहळू तसाच बसाया लागला. विळा वर असतो, ह्ये बी मी सांगितलं नाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पयले पयले बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? कोनी आये म्हनलं की जीव गार व्हतो. पन काल म्हनतो, आये, पान्यापर्यंत जाऊन येतो. मी दारात आडवी बसले."

मी पाठीमागच्या गवताकडे पाहिलं.

"मला काय येड नाय लागलं," त्या म्हणाल्या. "माझा गेला त्यो गेला. ह्यो दुसऱ्या कोनाचा तरी आसंल ना? त्याला ने. पन जेवून जा."

काकांचं नाव काय ते त्यांनी मला विचारून घेतलं आणि मोठ्यांदा हाक मारली, "मधुकर! ये, जेवून घे."

काका धुक्यातून आले आणि दारातच थबकले. त्या नावाचं काय करायचं ते त्यांना उमगत नव्हतं. हौसाबाईंनी त्यांच्या हातातला विळा घेतला, खाली ठेवला आणि त्यांना सोपानच्या जागेवर बसू दिलं नाही. चुलीपाशी, स्वतःच्या समोर बसवलं. ताटात नागलीची भाकरी, भात, शेपूची भाजी.

काका मुकाट्याने भाकरी मोडायला लागले. हौसाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "थांब. सोपानला शेपू लय आवडायचा. तुला काय आवडतं?"

"काही पण चालतं."

"चालतं काय, ते नाय इचारलं. आवडतं काय?"

काका ताटाकडे बघत राहिले. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, पण अडखळत म्हणाले, "आई मी रांगत असतानाच गेली. मग मामाकडे मामाच्या घरचं आवडायचं, आत्याकडे आत्याच्या घरचं. काकू म्हणायची, पोरगं बरंय, कुठेही मिसळतं. मला असं कोणी विचारलं नाही कधी."

"आता इचारते ना."

चूल फुसफुसत होती. कुत्रं दारात येऊन बसलं.

"मला," काका म्हणाले, आणि चोरी पकडल्यासारखे माझ्याकडे पाहून पुन्हा हौसाबाईंकडे वळले, "मला शेपू अजिबात आवडत नाही."

हौसाबाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "आन् इतके दिवस मिटक्या मारीत खातूस, मेल्या!" त्यांनी ताट ओढून घेतलं, भाजी आपल्या ताटात सारली आणि चुलीत एक लाकूड सरकवलं. "मग काय करू सांग. पिठलं? का अंडं फोडू?"

काका विचारात पडले. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून.

हौसाबाई तवा हातात धरून थांबल्या. त्यांना घाई नव्हती.