प्रश्न चौथा: बिनचूक नोटीस लिहा

माणसाची वस्तू त्याच्याच भाषेत काढून घेतली तर तो भांडायला उठतो. इंग्रजीत घेतली तर बसायला खुर्ची पुढे करतो (ती खुर्ची यादीत पहिली येते). या सत्यावर जप्ती खातं उभं आहे, आणि ते खात्याच्या इमारतीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

आपल्या भाषेत शब्दांचा तुटवडा आहे असं कुणी समजू नये. उचललं, लाटलं, बळकावलं, हिसकावलं, घशात घातलं. शब्द आहेत ढीगभर. पण त्यांत एक खोट आहे, ते ऐकणाऱ्याला लगेच कळतात. म्हणून खात्यात गाडीला 'इम्पाउंड' करतात, मालाला 'कॉन्फिस्केट', जमिनीला 'अक्वायर'. शाळेची खोली थोड्या दिवसांसाठी हवी असेल तर 'रिक्विझिशन' (थोडे दिवस म्हणजे किती, हे शाळेने विचारायचं नसतं). घराला आधी 'अटॅच', मग 'पझेशन'. 'ग्रॅब' आणि 'स्नॅच' हे दोन शब्द मात्र नागरिकांसाठी राखून ठेवले आहेत. आपलीच खुर्ची कुणी परत ओढू लागला, की ते लावायचे.

अडचण एकच होती. मागच्या वर्षीच्या चारशे बारा प्रकरणांपैकी तीनशे सत्त्याण्णव प्रकरणांत घर बरोबर होतं पण नोटिशीतला इंग्रजी शब्द चुकला होता, म्हणून घरं परत करावी लागली. उरलेल्या पंधरांत शब्द बरोबर होते, घरं चुकीची होती. ती पंधरा टिकली. यावरून खात्याने योग्य तो धडा घेतला आणि सर्व कारकुनांची इंग्रजीची परीक्षा ठेवली. पास होईल त्याला बढती.

आता नाइलाजरावांचं सांगतो. हे खात्यातले सगळ्यांत जुने कारकून. लोकांच्या कपाटाला हात लावण्याआधी "नाइलाज आहे हो" म्हणायची त्यांना सवय, तेच नाव पडलं. स्वभावाने गरीब गाय. बढतीची त्यांना एवढी हाव नव्हती, पण बायकोला होती, आणि बायको शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने तीन आठवडे नवऱ्याला असं घासलं की शाळेतल्या पोरांना सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. स्वल्पविराम चुकला तरी पान पुन्हा लिहायचं. नाइलाजराव त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, तिनेच रंगवलेल्या भिंतीकडे तोंड करून शब्द घोकायचे.

परीक्षेत चौथा प्रश्न असा होता: 'राहत्या घराचा ताबा घेण्याची नमुना नोटीस लिहा. पत्ता खरा असावा. खाली सही करावी.' (खोटा पत्ता लिहिणं हा गुन्हा आहे, अशी तळटीप होती.) बत्तीस कारकून कामाला लागले. एकाने सासूचा पत्ता लिहिला, एकाने भांडकुदळ शेजाऱ्याचा, तिघांनी साहेबांचा. नाइलाजरावांना वाटलं, नमुना झाला म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या दारावर असलं काही कशाला लिहायचं? त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिला. सज्जन माणसाचं हे असंच होतं, त्याला औषध नाही.

खात्याचा नियम आहे की सही झालेली नोटीस सात दिवसांत बजावली गेली नाही, तर ती जिच्या टेबलावर पडून आहे ती व्यक्ती निलंबित. परीक्षकांनाही मुलंबाळं होती. त्यांनी बत्तीसच्या बत्तीस नोटिसा जावक विभागाकडे पाठवून दिल्या. तिथे एकतीस नोटिसा भाषेच्या चुकांमुळे बाद झाल्या, त्यामुळे सासू वाचली, शेजारी वाचला आणि साहेब तर तीनदा वाचले. एक नोटीस निर्दोष निघाली.

साहेबांनी नाइलाजरावांना बोलावून पाठ थोपटली. "असा कागद या खात्यात झाला नाही."

"साहेब, पण ते माझं घर आहे."

"मग पत्ता शोधायला त्रास नाही."

"रद्द करा ना साहेब. पाया पडतो."

"करतो की. एक चूक दाखवा."

नाइलाजराव दोन तास तो कागद घेऊन बसले. ओळ न् ओळ, टिंब न् टिंब पाहिलं. एकही चूक सापडली नाही. शिकवणारी चांगली भेटली होती. मग त्यांना बढतीचं पत्र मिळालं, आणि बढती मिळालेल्या अधिकाऱ्याने आपली पहिली नोटीस स्वतः बजावायची असते, म्हणून ती नोटीसही हातात मिळाली.

बायकोने दार उघडलं. दोन शिपाई कुलूप घेऊन मागे उभे होते. तिने कागद घेतला, चष्मा लावला आणि आशेने लाल पेन उघडलं. दोनदा वाचलं. मग हाताला वळणच तसं, म्हणून खाली दहापैकी दहा लिहून टाकलं, आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

"एखादी चूक ठेवायची होती ना हो," ती म्हणाली.

"तू ठेवू दिलीस का?" नाइलाजराव म्हणाले आणि तिच्याशेजारी बसले. शिपायांनी त्यांना अदबीने बाजूला सरकायला सांगितलं, कारण उंबरा यादीत होता.

तुम्हाला नाइलाजरावांची कीव आली असेल, येऊ द्या. पण त्यांनी निदान सही करण्याआधी कागद वाचला होता. गेल्या महिन्याभरात बँकेत, दवाखान्यात आणि मोबाइलवर बारीक इंग्रजीतल्या ज्या मजकुराखाली तुम्ही 'मान्य' म्हणून खूण केलीत, त्यावरही पत्ता खराच होता, आणि तो तुम्हीच लिहिला होता.